औषध बनवता आलं, पण विकणार कोण? बायोसिमिलरच्या धंद्याबद्दल

डाउनस्ट्रीमकर

हा विषय बरेच दिवस डोक्यात होता. परवा शेअरबाजाराच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की बंगळुरूच्या बायोकॉन या औषध कंपनीने अमेरिकेच्या व्हायाट्रिसचा बायोसिमिलर औषधांचा धंदा विकत घेऊन स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी एकवीस वर्षं जैविक औषधांच्या शुद्धीकरणात काम करतोय, सगळी वर्षं पुण्याच्या आसपास. बायोकॉनमध्ये मी कधी नव्हतो आणि त्यांचे शेअरही माझ्याकडे नाहीत.

ज्यांना या क्षेत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मूळ सांगतो. ॲस्पिरिनच्या रेणूचं वजन १८०. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबचं सुमारे १,४८,०००. ॲस्पिरिन रसायनं एकत्र करून बनतं. ट्रॅस्टुझुमॅब जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं आणि त्या पेशी मूळच्या चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या. त्यांना काय खायला घातलं, किती हवा दिली, तापमान अर्ध्या अंशाने हललं का, यावर शेवटचं औषध अवलंबून असतं. म्हणूनच पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या या औषधाला जेनेरिक म्हणत नाहीत, बायोसिमिलर म्हणतात. हुबेहूब तेच असं कुणीच म्हणू शकत नाही. इतकं सारखं आहे की रुग्णाला फरक पडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. त्यात सात-आठ वर्षं जातात आणि पैसा कोट्यवधी डॉलरमध्ये लागतो.

आता बायोकॉनचा प्रवास बघा. १९७८ साली किरण मजुमदार यांनी दहा हजार रुपये भांडवलावर बंगळुरात भाड्याच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. माल काय, तर पपईच्या चिकापासून पपेन आणि माशाच्या पोटातल्या पिशवीपासून आयसिंग्लास. बिअर गाळायला ते लागतं. पण आयर्लंडची बायोकॉन भागीदार होती, म्हणजे पहिल्या दिवशी गिऱ्हाईक तयार होतं. पुढे ती आयरिश कंपनी युनिलिव्हरकडे गेली आणि १९९८ मध्ये युनिलिव्हरचा हिस्सा विकत घेऊन बायोकॉन मोकळी झाली. २००४ मध्ये शेअरबाजारात आली, त्याच वर्षी यीस्टमध्ये बनवलेलं स्वतःचं मानवी इन्सुलिन भारतात आणलं. इथपर्यंत सगळं चढतं.

अडलं पुढे. इन्सुलिन बनवता येत होतं, पण अमेरिका-युरोपात ते विकणार कोण? २०१० मध्ये फायझरशी करार झाला, एकूण ३५ कोटी डॉलरचा, त्यातले २० कोटी सुरुवातीलाच. सगळ्यांनी पेढे वाटले. २०१२ च्या मार्चमध्ये करार संपला. दोन वर्षंही टिकला नाही. समोरच्याची प्राथमिकता बदलली की आपलं उत्पादन त्यांच्या यादीत खाली जातं आणि आपण बंगळुरात बसून काहीच करू शकत नाही.

दुसरी वाट २००९ पासून मायलन या अमेरिकी औषध कंपनीबरोबर सुरू होती आणि ती टिकली. १ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने त्यांचं ट्रॅस्टुझुमॅब मंजूर केलं. हर्सेप्टिनचं, म्हणजे मूळ कंपनीच्या ट्रॅस्टुझुमॅबचं, अमेरिकेतलं ते पहिलं बायोसिमिलर. आमच्या प्लांटमध्ये त्या दिवशी चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. आमची कंपनी वेगळी, तरी छाती फुगली होती.

पण तिथेही पेच तोच होता. विकसित देशांत दवाखान्यांशी बोलणं, विमा कंपन्यांशी भाव ठरवणं, निविदा भरणं, सगळं मायलनच्या हातात (पुढे तिचीच व्हायाट्रिस झाली). नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवलेल्या शेतकऱ्याला विचारा, पिकवणारा मी पण भाव आडत्याचा, म्हणजे काय असतं ते. म्हणून २०२२ मध्ये बायोकॉनच्या बायोकॉन बायोलॉजिक्स या उपकंपनीने व्हायाट्रिसचा बायोसिमिलरचा अख्खा धंदाच घेतला. किंमत ३.३ अब्ज डॉलरपर्यंत, त्यातला मोठा भाग कर्ज काढून. ते फेडण्याच्या ओढाताणीत २०२४ मध्ये इन्सुलिन आणि कर्करोगाच्या औषधांचा भारतातला ब्रँडचा धंदा एरिस लाइफसायन्सेसला १,२४२ कोटींना विकला. म्हणजे ज्या इन्सुलिनने भारतात नाव कमावलं, ते इथे आता दुसरी कंपनी विकते. मला ती बातमी वाचून वाईट वाटलं होतं.

तरीही माझं मत असं की निर्णय बरोबर होता. महाग पडला, पण बरोबर होता. या धंद्यात रेणू बनवता येणं हे अर्धंच काम. तुमची मतं वाचायला आवडतील.

मुळामुठा

वाचतोय. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझा मुलगा या क्षेत्रात आहे, त्याला दुवा पाठवला.

रसिका_ठाणे

डाउनस्ट्रीमकर, मी धंद्यातली नाही, पण तुम्ही ट्रॅस्टुझुमॅबचं नाव घेतलंत म्हणून लिहिते.

२०१२ मध्ये आईला स्तनाचा कर्करोग निघाला. रिपोर्टमध्ये हर २ पॉझिटिव्ह, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब ज्यावर देतात तो प्रकार. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी एक असे वर्षभर सतरा-अठरा डोस. तेव्हा मूळ कंपनीचंच औषध होतं. बाबांनी घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला आणि न बोलता पेन टोपण लावून ठेवून दिलं. गावची जमीन काढायची का, यावर काका आणि बाबा रात्री दोनपर्यंत बोलत होते. शेवटी आईला सगळे डोस देता आले नाहीत. नऊ झाले. ती २०१६ मध्ये गेली. त्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही, पण ते नऊ डोस मी विसरलेले नाही.

२०१७ मध्ये मावशीला तोच आजार निघाला. तोवर बाजारात भारतीय औषध आलं होतं आणि भाव खूप उतरले होते. तिचे सगळे डोस झाले. आज ती डोंबिवलीत तिच्या नातवाला शाळेत सोडायला जाते.

एक तक्रार मात्र आहे. ज्या दवाखान्यात मावशीवर उपचार झाले तिथे कुणीही सांगितलं नाही की हे मूळ कंपनीचं नाही, बायोसिमिलर आहे. मला बिलावरच्या नावावरून कळलं. सांगितलं असतं तरी आम्ही हेच घेतलं असतं. पण विचारायला हवं होतं.

डाउनस्ट्रीमकर

रसिकाताई, काय लिहू कळत नाही. २०१४ मध्ये बायोकॉनचं ट्रॅस्टुझुमॅब भारतात आलं तेव्हा ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना होती. तेव्हा ते स्वस्त म्हटलं गेलं, पण मासिक पगारावर जगणाऱ्या घराला तेही परवडणारं नव्हतंच. नंतर आणखी कंपन्या आल्या तसे भाव खाली आले. तुमच्या तक्रारीशी शंभर टक्के सहमत. रुग्णाला सांगायलाच हवं. लपवल्याने उलट संशय वाढतो आणि त्याचा तोटा प्रामाणिकपणे चांगला माल बनवणाऱ्यालाच होतो.

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून लिहितोय. केंडॉल स्क्वेअरमध्ये ऑफिस आहे, आजूबाजूला बघाल तिकडे बायोटेक.

डाउनस्ट्रीमकरांचा मुद्दा अमेरिकेच्या इतिहासातही दिसतो. १९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जेनेन्टेक काढली. १९७८ मध्ये त्यांनी जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. पण ते विकायला ना माणसं होती ना कारखाना. म्हणून लायसन्स इलाय लिलीला दिलं. १९८२ मध्ये हे औषध मंजूर झालं, पण कुपीवर नाव लिलीचं. जेनेन्टेकला रॉयल्टी. त्यांनी त्यातून धडा घेतला. पुढचं औषध म्हणजे वाढीचं संप्रेरक. ते १९८५ मध्ये स्वतः बनवलं आणि स्वतःच विकलं. त्यासाठी मुद्दाम असा आजार निवडला की ज्याचे रुग्ण थोडे आणि ते तपासणारे तज्ज्ञ डॉक्टर मोजके. मोजक्या डॉक्टरांपर्यंत पोचायला मोठी फौज लागत नाही. लहान कंपनीसाठी आजही मला ही युक्ती सगळ्यात शहाणी वाटते.

आता इथलं वातावरण वेगळं आहे. बहुतेक कंपन्या विकण्याच्या तयारीनेच जन्माला येतात. २०११ मध्ये गिलियडने फार्मासेट ११ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा फार्मासेटचं एकही औषध बाजारात नव्हतं. हिपॅटायटिस सी चा एक रेणू चाचणीत होता, त्याची ती किंमत. तो लागला आणि गिलियडचं सोनं झालं. पण जे लागत नाहीत त्यांची नावं कुणी लिहीत नाही. मी काम केलेल्या तीन कंपन्यांपैकी दोन आज अस्तित्वात नाहीत. एकीचा तर शुक्रवारी दुपारी निरोप आला आणि सोमवारी प्रयोगशाळेच्या दारावरचं कार्ड चालेना. फ्रीझरमध्ये माझे सहा वर्षांचे नमुने होते.

भारतात सहनशील पैसा, म्हणजे परताव्याची वर्षानुवर्षं वाट बघणारा पैसा, कमी आहे, असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण भारतात माणसं एका प्लांटमध्ये वीस वर्षं राहतात, आणि जैविक औषधांना तेच ज्ञान लागतं. ते इथे नाही.

आकडेमोड

मूळ शेअरबाजाराच्या धाग्यावर ती टिप्पणी करणारा मीच. शांतपणे उत्तर दिल्याबद्दल आभार, पण मत बदललेलं नाही.

तुम्ही म्हणता आडत्याला हटवण्यासाठी पैसे मोजले. अमेरिकेत आडत्या व्हायाट्रिस नव्हताच. आडत्या आहेत ते फार्मसी बेनिफिट मॅनेजर. विमा कंपनीच्या वतीने कोणतं औषध यादीत ठेवायचं ते हेच ठरवतात. संधिवातावरच्या ह्युमिरा या ॲबव्ही कंपनीच्या औषधाचं उदाहरण घ्या. ॲबव्हीने एकावर एक पेटंटं रचून ठेवली. मूळ पेटंट २०१६ मध्ये संपूनही अमेरिकेत पहिलं बायोसिमिलर यायला जानेवारी २०२३ उजाडलं, तर युरोपात ती ऑक्टोबर २०१८ लाच आली होती. २०२३ मध्ये एकामागून एक बायोसिमिलर आली, बायोकॉनचंही त्यात होतं. काहींची किंमत मूळ औषधापेक्षा ८० टक्क्यांहून कमी. तरी पहिल्या वर्षी ह्युमिराच्या खपाला फारसा धक्का लागला नाही, कारण यादीवर टिकून राहण्यासाठी ॲबव्ही सूट देत होती आणि ती सूट या मध्यस्थांना हवी होती. एप्रिल २०२४ मध्ये सीव्हीएस या अशाच एका मोठ्या मध्यस्थाने ह्युमिरा आपल्या मुख्य याद्यांवरून काढलं, तेव्हा कुठे पारडं फिरलं. फिरलं ते कुणाकडे? सँडोझ कंपनीच्या बायोसिमिलरकडे, आणि तेही सीव्हीएसने स्वतः काढलेल्या कंपनीच्या लेबलखाली.

मग अब्जावधी डॉलर देऊन बायोकॉनने नेमकं काय घेतलं? अमेरिकेतली विक्रीची माणसं घेतली. दार उघडायचं की नाही, हे ठरवणारा अजून तिसराच आहे.

डाउनस्ट्रीमकर

आकडेमोड, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि मी तो लिहायला हवा होता. ह्युमिराच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसंच झालं.

पण त्यावरून उलट निष्कर्ष निघतो, असं मला वाटतं. त्या तिसऱ्या माणसाशी बोलायला तरी कोण जाणार? भागीदार गेला तर तो स्वतःच्या वीस-पंचवीस औषधांचा एकत्र सौदा करतो आणि त्यात आपलं औषध सूट म्हणून देऊन टाकतो. आपण गेलो तर निदान आपल्या औषधाचा भाव आपण ठरवतो. आणि सगळी औषधं त्या वाटेने जात नाहीत. ट्रॅस्टुझुमॅब, केमोत घटलेल्या पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिम ही दवाखान्यात दिली जातात, तिथे खरेदीचा कारभार वेगळा. बायोकॉनच्या इन्सुलिन ग्लार्जिन या दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनला जुलै २०२१ मध्ये एफडीएने असा दर्जा दिला की मूळ औषधाऐवजी फार्मासिस्ट ते परस्पर देऊ शकतो. अमेरिकेत तो मान मिळालेलं ते पहिलं बायोसिमिलर. युरोपात तर बऱ्याच ठिकाणी निविदा असतात. वेळेवर आणि खात्रीने माल देईल तो जिंकतो.

'खात्रीने' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मी ज्या बाजूला काम करतो तिथली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी, कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन हजार लिटरच्या बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत, नववा दिवस चालू होता. चौदाव्या दिवशी माल काढून माझ्या शुद्धीकरणाच्या कॉलमवर, म्हणजे गाळायच्या उभ्या नळकांड्यावर, यायचा होता. कॉलममध्ये भरतात त्या, औषधाचा रेणू पकडून ठेवणाऱ्या प्रोटीन-ए रेझिनला लिटरमागे लाखांत पैसे मोजावे लागतात, म्हणून आम्ही तो आधीपासून धुऊन, तपासून तयार ठेवला होता. पहाटे सव्वातीनला अपस्ट्रीमच्या, म्हणजे पेशी वाढवणाऱ्या विभागातल्या मुलाचा फोन आला, "सर, डीओ पडतोय." विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख नऊ दिवस सरळ चालला होता, तो एका तासात जिना उतरावा तसा उतरला. आपल्या पेशी इतक्या वेगाने ऑक्सिजन खातच नाहीत. म्हणजे आत दुसरं कुणीतरी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर बारीक काड्यांसारखे जिवाणू वळवळत होते. सकाळी सात वाजता सगळा माल किल टँकमध्ये, म्हणजे जंतू मारून टाकून द्यायच्या टाकीत, सोडला. तीन आठवडे शोधल्यावर कारण सापडलं. नमुना काढायच्या व्हॉल्व्हमधल्या रबरी ओ-रिंगला केसाएवढी चीर होती. मी ती भिंगाखाली पाहिली आहे.

बॅचचा पैसा गेलाच. पण त्या महिन्यात ज्या देशाला माल जायचा होता तो गेला नाही, आणि पुढच्या निविदेत आमचं नाव नव्हतं. दर कमी असूनही नव्हतं.

मोठ्या प्रमाणावर हेच शांता बायोटेक्निक्सच्या बाबतीत घडलं. वरप्रसाद रेड्डींची हैदराबादची कंपनी. १९९७ मध्ये हिपॅटायटिस बी ची लस आणून तिने आयात लशीचा भाव जमिनीवर आणला. २००९ मध्ये ती सनोफी या फ्रेंच कंपनीने घेतली. २०१० मध्ये तिच्या पंचगुणी, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या कुप्यांना आतून पांढरा थर चिकटलेला दिसला आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती लस आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढली. युनिसेफची मोठी मागणी हातची गेली. परत यादीत यायला २०१४ उजाडलं. रेणू तोच होता, माणसंही बरीचशी तीच होती.

बायोकॉनचं इन्सुलिन अस्पार्ट हे जेवणाच्या वेळी घ्यायचं इन्सुलिन अमेरिकेत मंजूर व्हायला जुलै २०२५ उजाडलं. अडकलं होतं ते मलेशियातल्या प्लांटच्या तपासणीत. औषध चालतं का, हा प्रश्न कधीच सुटला होता.

मांजरीकर

सीरम इन्स्टिट्यूटच्या शेजारी लहानाचा मोठा झालो म्हणून चार ओळी लिहितो. या चर्चेत उलट्या टोकाने चालणाऱ्या कंपनीचा उल्लेख हवाच. आफ्रिकेत मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजाराच्या साथी येतात त्या पट्ट्यासाठी लस हवी होती. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की डोसला ५० सेंटच्या वर परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. सीरमने भाव आधी धरला आणि त्यात बसेल अशी लस बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. त्या पट्ट्यात त्या 'ए' प्रकारच्या जंतूचा आजार जवळपास नाहीसा झाला.

इथे गिऱ्हाईक कोण ते ठाऊक होतं, भाव ठाऊक होता, किती लागणार तेही ठाऊक होतं. मग राहतो फक्त कारखाना. १९६६ पासून ते तेच करत आलेत. मूळ धागाकर्त्याचा प्रश्न त्यांना पडलाच नाही, कारण त्यांनी असा बाजार निवडला की जिथे विकायला माणसं लागत नाहीत.

डाउनस्ट्रीमकर

मांजरीकर, फार चांगला मुद्दा. लशीत हे जमतं कारण खरेदीदार एकच आणि मोठा. कर्करोगाच्या औषधात प्रत्येक दवाखाना वेगळा. आपल्याकडे सरकारने या औषधांची एकत्रित मोठी खरेदी केली तर तोच प्रकार इथेही घडेल आणि रसिकाताईंच्या बाबांसारखा हिशोब कुणाला मांडावा लागणार नाही. हे मला मनापासून हवं आहे.

खारघरवासी

कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेल्या उपचाराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून इम्युनोॲक्टची नेक्सकार१९ उपचारपद्धती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत लोकार्पण. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवर आहे. रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांच्यात बदल करायचा, वाढवायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची किंमत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर होती. इथे सुरुवातीला चाळीस लाखांच्या आसपास होती.

पण इथे वाढीचं गणितच निराळं आहे. ट्रॅस्टुझुमॅबची टाकी मोठी केली की कुप्या वाढतात. इथे एक रुग्ण म्हणजे एक बॅच. शंभर रुग्ण म्हणजे शंभर बॅचेस, शंभर तपासण्या, शंभर सह्या. आणि पेशी काढून त्या परत देऊ शकेल असा दवाखाना रुग्णाच्या शहरात हवा. त्यामुळे ही कंपनी वाढते ती दवाखान्यागणिक, कारखान्यागणिक नाही.

आकडेमोड

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

डाउनस्ट्रीमकर, एक शेवटचं विचारतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएने मसुदा काढला की बायोसिमिलरसाठी रुग्णांवरची मोठी तुलनात्मक चाचणी बहुतेक वेळा लागणार नाही. मग खर्च उतरेल, कुणीही येईल, भाव आणखी पडतील. कर्ज काढून धंदा घेतलेल्यांचं काय?

डाउनस्ट्रीमकर

येतील, नक्की येतील. चाचणीवरचा पैसा आणि एक ते तीन वर्षं वाचली तर आज जे धजावत नाहीत तेही येतील. पण चाचणी वगळायची तर रेणूची प्रयोगशाळेतली तुलना आणखी बारकाईने द्यावी लागेल. रेणूवरच्या साखरेच्या साखळ्या, कुठला भाग किती टक्के, हे सगळं. ते दर बॅचला तसंच आलं पाहिजे. म्हणजे पुन्हा प्लांटच. आणि दहा जणांकडे मंजुरी असेल तेव्हा ज्याच्याकडे विक्रीची माणसं आधीपासून आहेत तो पुढे असेल. कर्जाची चिंता तुमची खरी आहे. २०२५ मध्ये ४,५०० कोटींचे शेअर विकून बायोकॉनने ते हलकं करायचा प्रयत्न केला, म्हणजे जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला. तुमचा राग तिथला असेल तर तो मला समजतो.

प्रज्ञा_लातूर

सर, सगळा धागा दोनदा वाचला. मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात आम्हाला जेलवर डीएनए चालवायला शिकवतात, पण बायोरिॲक्टर फक्त चित्रात पाहिलाय. पुण्यात नोकरीसाठी येताना काय शिकून यावं? बाबा म्हणतात एमपीएससी कर.

डाउनस्ट्रीमकर

प्रज्ञा, बायोरिॲक्टर आम्ही शिकवू. तो सहा महिन्यांत येतो. पाइपेट सरळ धरता आला आणि पीएच, बफर, एकाग्रता यांची गणितं कागदावर चटकन करता आली तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. इंग्रजीत चार वाक्यं नीट लिहायचा सराव कर, कारण आमचं निम्मं काम नोंदी लिहायचं असतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे बीडचा एक मुलगा लागला होता, तिसरा महिना चालू होता. रात्रपाळीत कॉलम धुताना त्याने एक व्हॉल्व्ह अकरा मिनिटं उशिरा बंद केला. कुणी पाहिलं नव्हतं. त्याने नोंदवहीत वेळ लिहिली, चूक लिहिली, सही केली आणि मला फोन केला. आवाज कापत होता. आम्ही त्या अकरा मिनिटांत गेलेल्या बफरचे नमुने तपासले, माल ठीक निघाला, बॅच सुटली. आठ महिन्यांनी परदेशी तपासनीस आला. त्याने शेकडो पानांतून नेमकं तेच पान काढलं आणि पंधरा मिनिटं वाचलं. मग त्या मुलाला बोलावून विचारलं, तुला हे लिहावंसं का वाटलं? तो म्हणाला, "व्हॉल्व्ह मीच उशिरा बंद केला होता." तपासनिसाने वही मिटली आणि पुढच्या खोलीकडे निघाला.

तो मुलगा आता आमचा शिफ्ट इनचार्ज आहे. तुझा बायोडेटा मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, आणि सोबत कॉलेजातल्या एखाद्या फसलेल्या प्रयोगाबद्दल एक पान लिही. काय फसलं आणि तुला ते कसं कळलं, एवढंच.

प्रज्ञा_लातूर

पाठवते सर. आजच लिहायला बसते.